बॅकअप घेतला

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणे झाले नाही. दोन-तीन जणांनी तब्येतीची चौकशी केली, इंदूरच्या भाच्याने तर थेट फोनच केला. तब्येत वयाच्या मानाने ठीक आहे. बिघडला होता तो कॉम्प्यूटर, आणि तो बिघडल्यावर जे रामायण घडले त्यात २०२५ चा अख्खा पावसाळा गेला. ते आज लिहायला बसले आहे. एक तर तुमच्यापैकी कोणाच्या तरी ते उपयोगी पडेल, आणि दुसरे म्हणजे माझे तुमच्यापैकी काही जणांकडे एक काम आहे. ते शेवटी सांगते.

आमच्या घरात कॉम्प्यूटर आला तो २००२ साली. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेच वर्ष. मुलासाठी म्हणून घेतला, पण मुलगा नोकरीला लागून पुण्याला गेला आणि कॉम्प्यूटर यांच्या वाट्याला आला. सांगलीत लग्नपत्रिका, हँडबिले वगैरे जुळवून देणारे एक दुकान होते, तिथे रोज तासभर बसून हे मराठी टायपिंग शिकले. त्या दुकानदारानेच दिलेला मराठी फाँट घरच्या कॉम्प्यूटरवर घातला. आता टाइप काय करायचे? यांना काही कथा-कविता लिहायच्या नव्हत्या. मग २००३ च्या पावसाळ्यात कधीतरी यांनी ठरवले, की आईच्या आठवणी लिहून काढायच्या.

सासूबाई तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. दुपारचा चहा झाला की त्या कॉम्प्यूटरशेजारच्या कॉटवर येऊन बसायच्या. हातात निवडायला काहीतरी असायचेच, मेथी म्हणा, तांदूळ म्हणा. त्या बोलायच्या आणि हे दोन बोटांनी टाइप करायचे. यांचा वेग कमी पडला की त्या थांबायच्या आणि "लिहिलंस का?" असे विचारून पुढे सुरू करायच्या.

त्यांचे माहेर सांगलीजवळच्या हरिपूरचे. हरिपूर हे हळदीच्या पेवांचे गाव. पेव म्हणजे जमिनीखालचे कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठे. त्यात हळद वर्षानुवर्षे न किडता राहायची. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नसते. आधी आतली कोंदलेली हवा जाऊ द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, आणि तो विझला नाही तरच माणसाने उतरायचे. लहानपणी पेवाच्या तोंडाशी उभे राहून कंदील विझताना त्यांनी पाहिला होता. २००५ च्या महापुरात त्या पेवांचे फार नुकसान झाले, पण सासूबाईंची पेवे यांच्या तीन नंबरच्या फाईलमध्ये शाबूत होती. तसाच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. घरातली फळीवरची भांडी धडाधड खाली आली, आणि सासूबाई अंधारात दागिन्यांचा डबा समजून पानाचा डबा छातीशी धरून अंगणात पळाल्या. ७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळणारा लाल मिलो आणि त्याच्या भाकरीला कोणी नाक मुरडले तर त्या काय म्हणायच्या, हेही त्यात होते.

एक आठवण झाली की एक फाईल. असे करत मार्च २००९ पर्यंत सत्तेचाळीस फाईली झाल्या. त्याच महिन्यात सासूबाई गेल्या. यांनी एका शंभर पानी वहीत अनुक्रमणिका ठेवली होती, नंबर, शीर्षक आणि तारीख. ती वही माझ्याकडे आहे. त्यात ४५ नंबरपुढे लिहिले आहे, 'सूनबाई', आणि तारीख आहे १८ जानेवारी २००९.

त्यांना सून एकच, ती मी.

आमच्या नातेवाइकांना हे काही नवे नाही, पण इतरांसाठी सांगते. माझे आणि सासूबाईंचे फारसे कधी जमले नाही. भांडणे झाली असेही नाही. त्यांना मी नोकरी करते हे पसंत नव्हते आणि मला त्यांनी ते बोलून न दाखवता दाखवणे पसंत नव्हते. १९७९ साली मामंजींच्या श्राद्धाच्या दिवशीच शाळेची तपासणी आली. मी पहाटे उठून सगळा स्वयंपाक केला आणि साडेदहाला शाळेत गेले. त्यानंतर दीड महिना त्या माझ्याशी थेट बोलल्या नाहीत. मुलगा चार वर्षांचा होता, तो टपालवाला. "आईला सांग, दूध तापवून ठेवलंय." "आजीला सांग, बरं." पुढे बोलणे सुरू झाले, पण त्या दिवसाचा विषय दोघींनीही तीस वर्षांत काढला नाही.

४५ नंबरची फाईल झाली तेव्हा हे मला म्हणाले होते, "वाच एकदा." मी म्हटले, "वाचते, प्रिलिमचे पेपर होऊ द्यात." माझे नोकरीचे शेवटचे वर्ष होते ते. पेपर झाले, मग सासूबाई गेल्या, मग मी निवृत्त झाले, आणि वाचायला पाहिजे तेवढा वेळ मिळू लागला तेव्हाही मी ती फाईल उघडली नाही. खरे सांगायचे तर भीती वाटत होती. शिवाय ती कुठे पळून जाणार होती? कॉम्प्यूटरमध्येच तर होती. असो.

हे बॅकअपच्या बाबतीत फार काटेकोर होते. पाडव्याला एक आणि दिवाळीला एक अशी सीडी करायचे, तिच्यावर तोपर्यंतच्या सगळ्या फाईली घालायचे. पहिल्या काही सीडींना यांनी बाजारात मिळणारी गोल कागदी लेबले चिकटवली आणि त्यांवर सुवाच्य अक्षरात वर्ष लिहिले. लेबलांचे पाकीट संपल्यावर मार्कर पेनने सीडीवरच लिहू लागले. (पुढे या पाकिटाचा संबंध येणार आहे, लक्षात ठेवा.) अशा दहा सीडी झाल्या. शेवटची दिवाळी २००८ ची. सासूबाई गेल्यावर यांनी नवी फाईलही लिहिली नाही आणि नवी सीडीही केली नाही. २०११ साली दुसरा कॉम्प्यूटर घेतला तेव्हा सगळे त्याच्या डी ड्राइव्हवर घातले, आणि मला शोधत बसावे लागू नये म्हणून पडद्यावर, म्हणजे डेस्कटॉपवर, 'आईच्या आठवणी' असा फोल्डर ठेवून दिला. तो फोल्डर आहे असे मी समजत होते.

२०१६ मध्ये हे गेले. त्यानंतर मुलाने एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणून दिली आणि म्हणाला, "आई, वर्षातून एकदा तरी सगळं यावर कॉपी करत जा." शिक्षिकेला वर्षअखेर म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मी ३१ मार्च हा दिवस नक्की केला. (३१ मार्च हाच जगभर बॅकअप दिन म्हणून पाळतात आणि तो २०११ पासून सुरू झाला, हे मला नंतर कळले.) दर वर्षी त्या दिवशी डिस्क जोडायची, डेस्कटॉपवरचे सगळे निवडायचे, कॉपी करायचे, डिस्कवर पेस्ट करायचे. आणि नुसते तेवढ्यावर न थांबता, डिस्कवरच्या फोल्डरवर दोनदा क्लिक करून आतल्या फाईली दिसतात ना तेही बघायचे. त्या दिसायच्या. मग डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि डायरीत लिहायचे, "बॅकअप घेतला." २०१७ ते २०२५ अशा नऊ डायऱ्यांत ३१ मार्चच्या पानावर हे दोन शब्द आहेत.

२०२५ च्या जूनमध्ये एके सकाळी कॉम्प्यूटर सुरू होईना. पेटीतून टक्, टक्, टक् असा आवाज येत होता, जसा पंख्याच्या पात्याला वर्तमानपत्राचे टोक लागावे. मी बंद करून परत लावला. परत तोच आवाज. दुपारपर्यंत मी तो दहा-बारा वेळा तरी बंद-चालू केला असेल. हे करायचे नसते. हार्ड डिस्कच्या आत एक चकती मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरत असते आणि तिच्यावर वाचणारा काटा तरंगत असतो, तिला न टेकता. तो काटा एकदा टेकला की प्रत्येक फेरीला चकती खरवडली जाते. असा आवाज आला की लगेच वायर काढायची आणि जाणत्या माणसाकडे न्यायचे, एवढे जरी तुम्ही या लेखातून घेतलेत तरी पुरे.

पण मला काळजी नव्हती. माझ्याकडे बॅकअप होता. मुलाने लॅपटॉप पाठवला, मी कपाटातली डिस्क त्याला जोडली. फोटो होते. माझे इथले सगळे लेख होते. 'आईच्या आठवणी'ही होते. त्यावर दोनदा क्लिक केले, तर ते ज्याकडे निर्देश करते आहे ती वस्तू सापडत नाही, अशा अर्थाची एक इंग्रजी पाटी आली.

नातू सुट्टीला आला होता. त्याने बघितले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजी, हा फोल्डर नाहीये, शॉर्टकट आहे. हा बघ कोपऱ्यात वाकडा बाण." खरेच, चित्राच्या डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढा एक बाण होता. शॉर्टकट म्हणजे फोल्डर नव्हे, फोल्डर कुठे आहे ते सांगणारी चिठ्ठी. आकार दोन केबी. मी नऊ वर्षे इमानेइतबारे त्या चिठ्ठीची कॉपी काढून कपाटात ठेवत होते. आणि डिस्कवर क्लिक केल्यावर फाईली दिसायच्या त्या? त्या याच कॉम्प्यूटरच्या डी ड्राइव्हवरच्या होत्या. चिठ्ठी मला तिकडे नेऊन दाखवत होती आणि मला वाटायचे की मी कपाटातला माल बघते आहे. परीक्षेत पाठीमागच्याचे बघून लिहिणाऱ्या मुलांना मी तीस-पस्तीस वर्षे पकडले. ही चोरी मला पकडता आली नाही. एकदा, फक्त एकदा, ती डिस्क दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्यूटरला जोडून बघितली असती तर त्याच दिवशी कळले असते.

माझा चेहरा बघून नातवाने गोष्ट सांगितली. 'टॉय स्टोरी २' हा सिनेमा तयार होत असताना १९९८ साली पिक्सार कंपनीत कोणाकडून तरी चुकीची आज्ञा दिली गेली आणि सिनेमाच्या फाईली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो बरेच दिवस नीट होतच नव्हता आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. गॅलिन सुसमन नावाच्या तिथल्या तंत्रज्ञ बाईंना नुकतेच मूल झाले होते म्हणून त्या घरून काम करत असत, आणि त्यासाठी त्यांच्या घरच्या कॉम्प्यूटरवर सिनेमाची एक प्रत होती. ती पेटी पांघरुणात गुंडाळून गाडीतून आणली आणि सिनेमा वाचला. "म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीचं पण झालं होतं, आजी." त्याचा हेतू चांगला होता. मी मात्र विचार करत बसले, आपली कोणती बाई घरी प्रत घेऊन बसली असेल?

मेलेली डिस्क मुलाने पुण्यात डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे दिली. तीन आठवड्यांनी उत्तर आले की चकतीवर खोल चरे आहेत, काही निघणार नाही. बिचाऱ्यांनी पैसेही घेतले नाहीत. त्यांनी मुलाला विचारले म्हणे, की बंद पडल्यावर ही बरेचदा चालू केली होती का? मुलाने मला ते सांगायला नको होते, पण सांगितले.

राहिल्या यांच्या सीडी. त्यांची एक वेगळीच कथा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी आले. आम्ही कॉम्प्यूटर माळ्यावर चढवला, हार्ड डिस्क पर्समध्ये घातली आणि बाहेर पडलो. सीडी कपाटाच्या खालच्या खणात राहिल्या. आठ दिवसांनी परत आलो तेव्हा त्या खणात गुडघाभर नव्हे पण वीतभर गाळ होता. सीडी धुऊन, पुसून मी एका खोक्यात टाकल्या, त्या मोडीत निघाल्या असे समजूनच. सगळे डिस्कवर आहेच ना!

ते खोके आता उघडले. लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते हे तेव्हा लक्षात आले, मग बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला. सीडीबद्दल एक गोष्ट मला माहीत नव्हती. आपल्याला वाटते की चकचकीत बाजू जपायची. प्रत्यक्षात माहितीचा थर वरच्या, म्हणजे लेबलाच्या बाजूला असतो, अगदी पातळ लाखेखाली. पुराच्या पाण्यात यांची सुंदर कागदी लेबले सुटली होती आणि मी ती पुसताना ओढून काढली होती, ती निघताना सीडीचा चंदेरी थर घेऊन आली. त्या सीडी उजेडाकडे धरल्या तर आरपार दिसत होते. पण लेबलांचे पाकीट संपल्यावर यांनी ज्यांच्यावर नुसते मार्करने लिहिले होते, त्या वाचल्या. दिवाळी २००८ ची सीडी रडत-खडत का होईना, उघडली. एकेचाळीस फाईली! दोन अर्धवट होत्या, त्या २००७ च्या सीडीवरून पुऱ्या झाल्या.

पहिली फाईल उघडली आणि माझा आनंद मावळला. पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे, उलटी प्रश्नचिन्हे, डॉलरची खूण, असा सगळा बाजार. नातू म्हणाला, "करप्ट झाली." पण ती खराब झाली नव्हती. त्या काळच्या मराठी फाँटमध्ये कॉम्प्यूटरला मराठी येतच नव्हते. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र काढलेले असायचे, एवढेच. हे 'क' टाइप करायचे तेव्हा फाईलमध्ये कुठले तरी रोमन अक्षर साठवले जायचे आणि फाँट त्यावर 'क'चा मुखवटा चढवायचा. फाँट नसला की मुखवटा उतरतो. युनिकोडमध्ये तसे नाही, तिथे 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि तो जगातल्या कोणत्याही यंत्रावर 'क'च असतो. देवनागरी त्यात १९९१ पासून होती, पण घरोघरच्या कॉम्प्यूटरवर ती यायला पुढे दहाएक वर्षे लागली, आणि यांचा हात जुन्या फाँटवर बसला तो बसलाच. यांनी फाईलींचा बॅकअप घेतला, फाँटचा घेतला नाही. फाँट काय, तो असतोच, असे वाटले असणार.

मग मी त्या पत्रिकावाल्याकडे गेले. दुकान आता त्याचा मुलगा चालवतो. म्हणाला, "बाई, तो फाँट ना? आम्ही अजून पत्रिका त्यातच करतो." शाळेत माझ्याच हाताखालून गेलेला, म्हणून पैसे घेईना. पेन ड्राइव्हवर फाँट घेतला, घरी येऊन लॅपटॉपवर घातला, आणि तीन नंबरच्या फाईलचा बाजार उठून तिथे एकदम सासूबाई बोलू लागल्या. कंदील, दोरी, पेवाचे तोंड. मी ती फाईल उभ्यानेच वाचली.

आता हे सगळे युनिकोडमध्ये आणायचे होते, नाहीतर दहा वर्षांनी परत तेच. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने महाजालावर मिळतात. ती बदलतात, पण आपल्या पद्धतीने. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये याच्या उलट. त्यामुळे 'आणि'चे सगळीकडे 'आिण' झाले, 'सर्व'चे 'सवर्', आणि 'पूर्वी'चे जे झाले ते व्याकरणाच्या शिक्षिकेने लिहू नये. दोनशे बारा पाने होती. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, रोज दुपारच्या चहानंतर मी त्याच कॉटशेजारी बसून एकेक शब्द तपासला. डावीकडे जुन्या फाँटमधले पान, उजवीकडे नवे.

हे करताना एकनाथांची फार आठवण झाली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती जमवून, त्या ताडून शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांच्या नकला, प्रत्येक नकलेत कोणाचा तरी हात फिरलेला. आणि शेवटी त्यांनी बजावले आहे, की यात आपल्या पदरची ओवी कोणी घालू नये. शाळेत हे मी कितीदा शिकवले असेल, पण त्यांना ते का लिहावेसे वाटले असेल ते आत्ता कळले. कारण हात शिवशिवतो. यांनी शुद्धलेखनाच्या चुका केलेल्या. त्या मी दुरुस्त केल्या, तेवढे नाथ क्षमा करतील. पण सासूबाई एके ठिकाणी माझ्या माहेरच्या लोकांबद्दल एक वाक्य बोलून गेल्या आहेत, सतरा नंबरच्या फाईलमध्ये. ते वाक्य गाळले असते तर कोणाला कळले नसते, मूळ सीडीही आता फार दिवसांची सोबती नाही. दोन दिवस मी त्या ओळीवर अडले होते. मग ठेवले. वेलांटी तेवढी जागेवर आणली.

तर एकेचाळीस फाईली परत आल्या. बेचाळीस ते सत्तेचाळीस आल्या नाहीत, त्या दिवाळी २००८ नंतरच्या. त्या फक्त कॉम्प्यूटरवर होत्या.

आमच्या वन्सं इंदूरला असतात. हे शेवटच्या काही फाईली भाच्याच्या ऑफिसच्या मेलवर पाठवायचे आणि तो प्रिंट काढून त्यांना द्यायचा. भाच्याने ती नोकरी सोडून कैक वर्षे झाली, ती मेल गेली, आणि घराला रंग काढताना कागद रद्दीत गेले. मी वन्संना फोन केला. म्हटले, "वन्सं, तुम्ही ४५ नंबरचं वाचलं होतं का? माझ्याबद्दलचं?"

"वाचलं होतं की."

"काय होतं त्यात?"

"चांगलंच होतं गं वहिनी. आईला तुझं कौतुकच होतं." आणि लगेच, "तुझ्या गुडघ्याचं कसं काय?"

छत्तीस वर्षे वर्गात उभी राहिलेली बाई आहे मी. 'गृहपाठ केलाय बाई, वही घरी राहिली,' असे म्हणणाऱ्या मुलाचा आवाज मला फोनवरूनही कळतो. वन्संना आठवत नसेल, किंवा आठवत असेल. त्या खोटे बोलल्या असे मी म्हणत नाही. पण ते सासूबाईंचे वाक्य नव्हते.

आता मी काय करते ते थोडक्यात सांगते. तीन-दोन-एक असा एक नियम आहे, पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकांपर्यंत नेला. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरचे महत्त्व मला शाळेत कळायला हवे होते. २००५ च्या पुरात आमच्या शाळेचे जनरल रजिस्टर भिजले, आणि त्याची मी स्वतः काढलेली नक्कल त्याच कपाटात, त्याच फळीवर होती. दोन्ही रजिस्टरांची पाने आम्ही पंख्याखाली वाळवली. तर आता एक डिस्क माझ्याकडे, एक मुलीकडे नाशिकला, एक प्रत क्लाउडवर. ज्या फोल्डरमधले फोनवर पुसले की सगळीकडचे पुसले जाते तो बॅकअप नव्हे, हेही नातवाने समजावले. दर तीन महिन्यांनी मुलगी तिच्याकडच्या डिस्कवरून मी सांगेन त्या नंबरची फाईल तिच्या कॉम्प्यूटरवर उघडते आणि त्यातली दुसरी ओळ मला फोनवर वाचून दाखवते. कोणता नंबर विचारणार ते मी आधी सांगत नाही. फाँटही सोबत ठेवला आहे, आणि सगळ्याची छापील प्रत काढून बाइंडिंग केली आहे. डायरीत आता "उघडून पाहिले" असे लिहिते.

आता माझे काम. यांना एकाच मेलमध्ये आठ-दहा जणांचे पत्ते घालायची सवय होती. यांचे स्वतःचे मेलचे खाते बरीच वर्षे कोणी न उघडल्यामुळे बंद झाले, मुलाने खूप प्रयत्न करून पाहिले. पण नोव्हेंबर २००८ ते मार्च २००९ च्या दरम्यान यांची मेल तुमच्यापैकी कोणाला आली असण्याची शक्यता आहे, विशेषतः अमेरिकेतल्या पुतण्यांना आणि मिरजेच्या मंडळींना. विषय बहुधा 'आईच्या आठवणी' असाच असेल, पण रोमन लिपीत. सोबत एक फाईल असेल. जुन्या खात्यात, जुन्या कॉम्प्यूटरवर, माळ्यावरच्या सीडीत, कुठेही बघा. फाईल उघडल्यावर नुसत्या खुणा आणि टिंबे दिसली तर ती खराब झाली असे समजून पुसू नका, मला पाठवा. इथून मी वाचू शकते.

आणि ४५ नंबरची मिळाली, तर आधी वाचून, हिला पाठवावी की नको असा विचार करत बसू नका. जशी असेल तशी पाठवा.